उघड्या अंगाचं ॲल्युमिनियम

मशीनवरून उतरलेलं ॲल्युमिनियम खऱ्या अर्थानं उघडं असतं ते क्षणभरच. कटर पुढे सरकतो, त्याच्या मागे धातूचा कोरा पृष्ठभाग हवेत येतो आणि आपण चिप्स झटकायच्या आत त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढलेलाही असतो. जाडी दोन ते चार नॅनोमीटर. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही, पण असतो. खरवडून काढला तरी लगेच पुन्हा येतो. या फुकटच्या थरामुळेच ॲल्युमिनियमच्या खिडक्या पावसात पन्नास वर्षं उभ्या राहतात आणि लोखंडाच्या गजांना दर दोन वर्षांनी ऑइलपेंट लागतो.

पण हा थर हवा-पाण्यासाठी आहे. घासण्यासाठी नाही. पोलादाची एखादी पिन त्याच्यावर दिवसभर फिरत राहिली, तर तो तिच्यापुढे टिकत नाही. मी अमेरिकेत मिशिगनमध्ये ॲनोडायझिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेनं जाड ऑक्साइड उगवण्याच्या, धंद्यात आहे. थोडक्यात, निसर्गाचा तो थर अपुरा पडतो म्हणून माझी चूल पेटते. आमच्याकडे व्हॉल्व्हच्या बॉडी येतात, ब्रेकचे पिस्टन येतात, पॅकिंग मशीनचे रोलर येतात. काही भाग गिऱ्हाईक मुद्दाम ‘रॉ’च, म्हणजे थर न चढवता ठेवतं, खर्च वाचवायला. त्यातले बरेचसे वर्ष-दोन वर्षांनी परत आमच्या दारात येतात. झिजलेले भाग बघण्याचा मला नाद आहे. नवा भाग काहीच सांगत नाही. झिजलेला सगळं सांगतो.

रायफलींशी माझा संबंध आला तो या नादापायी. नाहीतर इथे राहून तो टाळणं कठीण नव्हतं. मी अंबरनाथला वाढलो. तिथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, तिची लांबच लांब भिंत आहे, फाटकावर पहारा आहे. बंदूक ही त्या भिंतीपलीकडची गोष्ट. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना हत्यार बनवणं सोडाच, नुसतं बाळगलं तरी तुरुंग. इथे मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि त्या दिवशी शॉपमध्ये निम्मी माणसं नसतात. कित्येक शाळांना सुट्टी असते. पहिल्या वर्षी मला वाटलं काहीतरी सण आहे. तसा तो सणच.

आमच्या टूलरूममध्ये एक जुना मशिनिस्ट आहे. हात असा, की त्यानं घासलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर सोडवताना जोर लागतो. त्याच्या गॅरेजमध्ये त्यानं स्वतः जुळवलेली एक एआर-१५ जातीची रायफल आहे, आणि तिचं ॲल्युमिनियम त्यानं मुद्दाम उघडं ठेवलंय. काळा रंग नाही, ॲनोडायझिंग नाही. बारीक पॉलिश पेपर मारून हलकी चमक आणलेली, वर तेलाचा हात. इथे अशा शौकाची माणसं पुष्कळ आहेत. त्याला मी विचारलं, उघडी का ठेवलीस? तो म्हणाला, “काळा रंग चढवला की माझं काम दिसणार कसं?”

घरी जुळवलेली म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतंच काही यायचं, म्हणून थोडं सांगतो. अमेरिकन कायद्याच्या नजरेत या रायफलीत ‘बंदूक’ म्हणजे फक्त एक भाग: खालचा सांगाडा, ज्याला सगळे लोअर म्हणतात. त्याच्यावर सिरियल नंबर असतो. तो परवानाधारक दुकानातून घ्यायचा, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते. बाकी बॅरल, बोल्ट, ट्रिगर, दस्ता, सगळं चपलांसारखं पोस्टानं घरी येतं. स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि राज्याराज्यांचे नियम निराळे. अर्धवट घडवलेल्या, बिननंबरी सांगाड्यांच्या किटवरून बराच वाद झाला. २०२२ च्या नियमानं तशा काही किट बंदुकीच्या व्याख्येत आणल्या आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो नियम सात विरुद्ध दोन असा उचलून धरला. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या आपल्या पोरांनी तर या भानगडीत पडूच नये. काही अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक हाताळणं हाच गुन्हा ठरू शकतो. आमच्या घरात बायकोचा कायदा त्याहून कडक आहे: ग्रीन कार्ड असो वा नसो, उंबऱ्याच्या आत नाही. मला तो मान्य आहे. या देशात दर काही आठवड्यांनी गोळीबाराची जी बातमी येते, ती वाचल्यावर या यंत्राकडे नुसता कारागीर म्हणून बघता येत नाही. तरीही कारागिराची नजर बंद होत नाही, हेही खरं.

तर ही रायफल ॲल्युमिनियमची का?

कारण तिचा जन्म विमानाच्या घरातला. आर्मालाइट ही कंपनी १९५४ साली हॉलिवूडमध्ये सुरू झाली ती फेअरचाइल्ड या विमान कंपनीची एक शाखा म्हणून. तिथला डिझायनर यूजीन स्टोनर, हा दुसऱ्या महायुद्धाआधी विमानाच्या कारखान्यात शस्त्रं बसवायचं काम करायचा आणि युद्धात मरीन दलाच्या विमान-शस्त्र विभागात होता. विमानवाल्याला वजनाचा राग असतो. त्या काळातल्या रायफली म्हणजे पोलाद आणि अक्रोडाचं लाकूड. स्टोनरनं ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि प्लास्टिकचा दस्ता आणला. पुढे व्हिएतनाममध्ये सैनिक तिला खेळणं म्हणायचे. तिथे ती अडकायची त्याचं खापर बऱ्याच जणांनी या हलक्या धातूवर फोडलं, पण खरी कारणं वेगळी होती: काडतुसातली बदललेली दारू, क्रोम न केलेला चेंबर (काडतूस बसतं ती जागा), आणि साफसफाईचं सामान न देता जवानाच्या हातात दिलेली रायफल. ॲल्युमिनियम त्या बाबतीत निर्दोष. आज आपल्या लष्करानं २०१९ मध्ये मागवलेल्या ७२,४०० सिग ७१६ रायफली याच घराण्यातल्या.

ॲल्युमिनियमचा सांगाडा चालतो, याचं रहस्य त्याच्या ताकदीत नाही. गोळी सुटताना चेंबरमध्ये चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या वर दाब होतो. तो दाब ॲल्युमिनियमच्या अंगावर आला असता तर गोष्ट संपलीच होती. इथे बोल्टचे, म्हणजे चेंबरचं तोंड मागून बंद करणाऱ्या पोलादी तुकड्याचे, दात फिरून थेट बॅरलच्या मागच्या पोलादी कड्यात अडकतात. पोलाद पोलादाला धरतं, दणका त्या दोघांतच जिरतो, आणि ॲल्युमिनियमचं काम उरतं सगळ्यांना जागच्या जागी धरून ठेवण्याचं. घरी रायफल जुळवणारी निम्मी माणसं “उघडं ॲल्युमिनियम दणक्यानं फुटेल का” म्हणून घाबरतात. फुटत नाही. ॲनोडायझिंग केल्यानं धातूची ताकद वाढतही नाही. तो कातडीचा इलाज आहे, हाडांचा नाही.

भीती बाळगायची तर ती लहान लहान जागांची. त्या मशिनिस्टची रायफल त्यानं माझ्यासमोर उघडली, ट्रिगरचं सामान काढून ठेवलं आणि रिकामा सांगाडा माझ्या हातात दिला. मी खिशातली भिंग डोळ्याला लावली. बाहेरून सांगाडा सुरेख दिसत होता. जिथे हात लागतो तिथे उजळ, खाचाखोचांत करडा. पण हॅमरची, म्हणजे ट्रिगर ओढल्यावर आपटणाऱ्या घोड्याची, पिन जिथून जाते त्या भोकाच्या कडेला काळपट लेप होता. बोटावर घेतला, चिमटीत चोळला, तर बारीक कचकच लागली. तेल होतंच, पण तेलात काहीतरी होतं.

ते काहीतरी म्हणजे झिजलेलं ॲल्युमिनियमच. पिन पोलादी, जेमतेम चार मिलिमीटर जाडीची. हॅमर उठतो, पडतो, आणि स्प्रिंगच्या पकडीमुळे पिनही त्याच्याबरोबर थोडी थोडी फिरते. उघड्या ॲल्युमिनियममधून धातूचे सूक्ष्म कण सुटतात. सुटल्या सुटल्या त्यांचा ऑक्साइड होतो. आणि ॲल्युमिनियमचा ऑक्साइड म्हणजे कुरुंद, ज्याच्या चाकावर आपण पोलाद घासतो तीच जात. पृष्ठभागावर चिकटून थर म्हणून राहिला तर तो राखणदार. सुटून तेलात मिसळला की तोच घासणारी पेस्ट बनतो आणि भोक आतून कोरत सुटतो. जितकं झिजतं तितकी पेस्ट वाढते. शॉपफ्लोअरवर हे आम्ही रोज बघतो, तरी बंदुकीच्या भोकात ते दिसल्यावर मला गंमत वाटली.

भोक चारी बाजूंनी सारखं मोठं होत नाही. हॅमरचा दाब ज्या दिशेला पडतो तिकडे ते लांबट होत जातं. डोळ्याला कळायला खूप वेळ लागतो. पिनला आधी कळतं. सुरुवातीला पिन अंगठ्यानं दाबून घालावी लागते, मग सहज जाते, मग एक दिवस सांगाडा आडवा धरला की घरंगळून बाहेर येते. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. हॅमर आणि ट्रिगर यांच्या दोन पिनांमधलं अंतर ठरलेलं असतं, त्यावर ट्रिगरची पकड अवलंबून. भोकं लांबट झाली की ते अंतर हलतं, पकड बदलते. सैल पकडीची बंदूक जवळ ठेवण्यात शहाणपण नाही. त्या जागी मी शौकाला बिलकूल सूट देणार नाही.

आणि इथे एक बारकावा आहे, जो घरी जुळवणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात येतो. त्यासाठी आमच्या टाकीपाशी यावं लागेल.

हार्ड ॲनोडायझिंगमध्ये आम्ही भागावर काही लावत नाही. भाग रॅकवर घट्ट बसवायचा, शून्य अंशाच्या आसपास थंड केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवायचा आणि विजेच्या धन टोकाला जोडायचा. मग त्या धातूतूनच ऑक्साइड उगवायला लागतो. थर जसा जाड होतो तसा विजेला विरोध वाढतो, म्हणून व्होल्टेज चढवत न्यावं लागतं. शेवटी शेवटी ते साठ-सत्तरपर्यंत जातं आणि टाकीचा आवाज बदलतो. थंडाव्यात जरा कसर राहिली तर भाग कडेला जळतो. नीट झाला तर त्याच्यावर कानस घसरते. रॅकनं जिथे चिमटा धरलेला असतो तेवढा ठिपका कोरा राहतो. जाणकार माणूस भाग हातात आल्यावर आधी तो ठिपका शोधतो. अमेरिकन लष्कराच्या मापाप्रमाणे हार्ड कोटची जाडी ०.००२ इंच, म्हणजे इंचाचे दोन हजारांश किंवा पन्नास मायक्रॉन. निसर्गाच्या थराच्या दहा हजार पटींहून जास्त.

आता हा थर निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर येतो. म्हणजे प्रत्येक पृष्ठभाग एक हजारांश इंच फुगतो, आणि भोक दोन्ही बाजूंनी फुगल्यामुळे दोन हजारांशानं आवळतं. म्हणून ॲनोडायझिंगला जाणारा भाग बनवताना भोक तेवढं मोठं ठेवतात. हाच सांगाडा कोणी ‘रॉ’ अवस्थेत विकत घेतला आणि तसाच वापरला, तर आवळायचं राहूनच गेलं. पिन पहिल्या दिवसापासून दोन हजारांश सैल. झिजेला सुरुवात करायला तेवढी फट भरपूर झाली. मी हे सांगितल्यावर आमचा मशिनिस्ट गप्प बसला, मग उठून मायक्रोमीटर घेऊन आला. त्याला माझं बोलणं नाही, माप पटतं. मापलं, आणि नुसतं “हं” म्हणाला.

मिश्रधातूंचंही एक उलटसुलट गणित आहे. या सांगाड्यांत दोन जाती चालतात: ७०७५ आणि ६०६१. ७०७५ मध्ये जस्त साडेपाच टक्क्यांच्या आसपास, त्याखेरीज मॅग्नेशियम आणि तांबं. हा धातू जपानमध्ये सुमितोमो कंपनीत १९३० च्या दशकात गुपचूप तयार झाला आणि झीरो या लढाऊ विमानात गेला. हाती लागलेलं जपानी विमान तपासून अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीनं १९४३ मध्ये तो उलगडला. ज्या रायफलीला लोक इतकं अमेरिकन मानतात तिचं अंग शत्रूच्या विमानातलं, हे इथे बंदुकवाल्यांच्या कोंडाळ्यात सांगितलं की मजा येते. ताणाखाली ७०७५ हा ६०६१ च्या जवळजवळ दुप्पट टिकतो, आणि कडकही जास्त, म्हणून पिनांची भोकं त्यात हळू झिजतात. पण त्यातलं तांबं त्याला हवा-घामाच्या बाबतीत नाजूक करतं. ६०६१ मऊ, पण खारं पाणी त्याच्या मानानं सोसतो. म्हणजे उघडा ठेवायचा तर एक झिजतो आणि एक गंजतो. सोय कुठेच नाही.

गंजतो म्हणजे लोखंडासारखा तांबडा होत नाही. पांढरी भुकटी धरतो, बारीक खड्डे पडतात. ते बहुतेक पोलादी पिन-स्क्रूच्या आजूबाजूला, कारण दोन निराळ्या धातूंच्या मध्ये घामाचं खारट पाणी आलं की ती एक छोटी बॅटरीच झाली, आणि त्या बॅटरीत बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. याच कारणानं बॅरल आवळायच्या आट्यांवर ग्रेफाइटचं ग्रीस लावायचं नाही, मॉलिब्डेनमचं लावायचं, अशी पद्धत आहे. ग्रेफाइट घसरगुंडीला उत्तम, पण ॲल्युमिनियमशेजारी तो पोलादाहूनही वाईट शेजारी. काही न लावता उघडे आटे कोरडेच आवळले तर ते एकमेकांत चिकटतात, आणि सोडवताना सांगाड्याचे आटे नटाबरोबर निघून येतात. धातूचे दोन उघडे पृष्ठभाग दाबाखाली घासले की थरच्या थर उपटून एकमेकांना डकवतात. ते एकदा पाहिलेला माणूस ग्रीसच्या डबीला पुन्हा कंजुषी करत नाही.

हे सगळं आपल्या बायका न शिकता जाणतात. आजीच्या घरात जर्मलचं पातेलं होतं. त्यात चिंचेची आमटी करायची नाही, हा नियम. आंबटानं ऑक्साइडचा थर विरघळतो. पातेलं धुण्याच्या सोड्यानं घासलं की काळं पडायचं, कारण तो थर सोड्यालाही भितो. आम्ल सोसत नाही, अल्क सोसत नाही, मधल्या पट्ट्यातच तो सुखी. आज त्याच घरात हार्ड ॲनोडाइज्ड कढई आहे, राखाडी-काळी, आणि तिच्यावरची प्रक्रिया ती आमच्या टाकीतलीच. ती कढईदेखील डिशवॉशरमध्ये घालू नका म्हणून सांगतात, ते उगाच नाही. डिशवॉशरची पावडर कडक अल्क असते. बंदुकीवालेही हीच चूक करतात. बॅरल साफ करायचं जालीम औषध आणतात आणि तेच फडक्यानं उघड्या सांगाड्यावर फिरवतात. मग डाग पडले म्हणून तक्रार.

आता दुसरी बाजू, जी आमच्या धंद्यातली माणसं मोठ्यानं बोलत नाहीत. हार्ड कोट कडक, म्हणून ठिसूळही. खाली मऊ धातू, वर कडक पापुद्रा. एका बिंदूवर जोरात ठोका बसला तर खालचा धातू दबतो, वरचा थर दबू शकत नाही, म्हणून तडकतो. टोकदार कोपऱ्यावर तर थर नीट उगवतच नाही. दोन्ही बाजूंनी तो सरळ बाहेर वाढतो आणि कोपऱ्यात फट राहते. शिवाय थकव्याचा प्रश्न. पोलादाला ताणाची एक मर्यादा असते, तिच्या खाली राहिलात तर तो लाखो वेळा वाकूनही कुरकुर करत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण कितीही थोडा असो, आवर्तनं पुरेशी झाली की चीर जन्माला येते. आणि हार्ड कोटमधल्या सूक्ष्म भेगा त्या चिरेला आयती सुरुवात करून देतात. केवळ थकव्याचा हिशेब मांडला तर उघडा भाग लेप दिलेल्या भागापेक्षा सरस ठरतो. रायफलीच्या सांगाड्यावर इतके ताण नसतात की हा मुद्दा निर्णायक व्हावा, पण “ॲनोडायझिंग केलं की सगळंच सुधारतं” हे बोलणं अडाणीपणाचं आहे, आणि ते मी, त्यावर पोट भरणारा माणूस, म्हणतोय.

वरच्या सांगाड्यात, ज्यातून बोल्टचा वाहक मागे-पुढे धावतो, डाव्या भिंतीवर एक ओरखडा पडतो. बोल्टला फिरवणारी पिन तिथे घासते. लेप असलेल्या रायफलीतही तो पडतो, उघड्यात तर लवकर आणि ठळक. नवखे लोक त्याचे फोटो काढून घाबरतात. तो काही खोलपर्यंत गेला की पिनला हवी तेवढी जागा मिळते आणि घासणं जवळजवळ थांबतं. म्हणजे एके ठिकाणची झीज दिवसेंदिवस वाढत जाणारी, दुसऱ्या ठिकाणची स्वतःच थांबणारी. चमक दोन्हीकडे सारखीच दिसते. बारीक नजर लागते ती हा फरक ओळखायला.

लोक मधला मार्ग म्हणून पावडर कोटिंगला जातात, त्यात मात्र मोठा धोका आहे. ७०७५ ला त्याची ताकद मिळालेली असते ती १२० अंशांवर चोवीस तास मुरवून. पावडरची भट्टी दोनशेच्या आसपास. वीस मिनिटांत सगळी ताकद जात नाही, पण गेलेली परत येत नाही, आणि वरून रंग छान दिसत असल्यामुळे कोणाला कळतही नाही. मऊ पडलेल्या अंगावर सुंदर रंग, त्यापेक्षा उघडा बरा. भट्टीत कमी तापमानाला सुकणारे सिरॅमिकचे लेप मिळतात, ते त्या मानानं बिनधोक. पण घासण्यापुढे त्यांचाही हार्ड कोटइतका टिकाव लागत नाही, आणि पिनेच्या भोकात ते घालायचेच नसतात. काही हौशी घरच्या घरी बादलीत ॲनोडायझिंग करतात आणि रंगवतात. होतो तो थर दहा-वीस मायक्रॉनचा, दिसायला जांभळा-निळा झकास. दागिना म्हणून ठीक.

माझं मत विचाराल तर पुढचा हात धरायचा कठडा, बाहेरचे कठोर ताण नसलेले भाग, हे खुशाल उघडे ठेवा. वर्षभरात हाताच्या घामानं, तेलानं ते स्वतःचा करडा रंग घेतात, आणि तो रंग काळ्या लेपाहून मला देखणा वाटतो. ज्या भोकात पोलाद फिरतं, ज्या आट्यांत पोलाद आवळलं जातं, तिथे मात्र उघडेपणाचा हट्ट नको. भोकांत न फिरणाऱ्या पिना मिळतात. पिनच फिरली नाही तर झीज पिन आणि हॅमर या दोन पोलादांमध्ये जाते, आणि ती त्यांना सोसते.

मशिनिस्टनं मला सरळ विचारलं, “मग तुमच्या टाकीत बुडवून दे ना माझा सांगाडा.” ते जमणारं नव्हतं. सिरियल नंबर असलेला सांगाडा धंद्याच्या जागी ठेवून घ्यायचा आणि त्यावर काम करायचं तर त्या जागेला बंदुकीचा परवाना लागतो. आमच्याकडे ब्रेकच्या पिस्टनचा धंदा आहे, तो परवाना नाही आणि मालकाला नकोही आहे. शिवाय जुळवलेली रायफल पूर्ण खोलून, तेलाचा शेवटचा थेंब काढून आणावी लागली असती. तेलाचा डाग राहिला तर तिथे थरच येत नाही, आणि शॉपमध्ये त्यावरून माझीच चेष्टा झाली असती. त्यानं न फिरणाऱ्या पिना मागवल्या. आल्यावर मला फोन करून बोलावलं आणि बसवताना मुद्दाम माझ्या हातात भिंग दिली.

“झिजला तर झिजला,” म्हणाला, “नवा लोअर शंभर डॉलरच्या आसपास येतो.” हिशेब चुकीचा नव्हता. खरं तर सांगाड्याच्या आधी त्याची बॅरल संपेल. दहा-वीस हजार गोळ्यांत तिच्या चेंबरकडच्या टोकाशी पोलाद जळून खडबडीत होतं आणि नेम सुटायला लागतो. बॅरल पोस्टानं येते, सही करून घ्यायची. लोअर नवा घ्यायचा तर मात्र दुकानात जाऊन पुन्हा ४४७३ भरावा लागेल, आणि त्याला फॉर्म भरायचा भारी कंटाळा. पगाराच्या कागदावरसुद्धा तो दोन-दोन दिवस सही करत नाही. तेवढ्यासाठी का होईना, हल्ली तो प्रत्येक खेपेला जुनं काळं तेल पुसून पिनांपाशी ताजं ग्रीस भरतो.